पाण्याचा रिपोर्ट वाचून मासा खायचा नसतो

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘तलावाच्या पाण्याचा रिपोर्ट क्लीन आलाय, तेव्हा तलावातले मासे बिनधास्त खा. पावसाळ्यात तलाव धुऊन निघतोच. काही उरलंच तर तळताना जळून जातं.’

रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण डीडीटी हे कीटकनाशक, पीसीबी ही ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायनं, ही असली मंडळी पाण्यात विरघळायला मुळातच नाखूश. ती चिकटतात गाळाला, शेवाळाला आणि जिवांच्या चरबीला. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटं मारायला १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीडी हे डीडीटीचं भावंड सोडलं. १९५४ साली मात्रा होती पाच कोटी भाग पाण्याला एक भाग. फवारणीनंतर थोड्याच दिवसांत पाण्यात ते सापडेनासं झालं. रिपोर्ट क्लीन! पण आपल्या टिबुकलीचे भाऊबंद असलेले ग्रीब पक्षी मरायला लागले. पुढे त्यांची चरबी तपासली, तर दहा लाखांत १६०० भाग, म्हणजे पाण्यातल्या मात्रेच्या ८० हजार पट.

हे वाढतं कसं? पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांना, म्हणजे प्लवकांना, लहान मासे खातात, लहान माशांना मरळ, मरळीच्या पिल्लांना पाणकावळा. खाल्लेलं अन्न शरीर जाळून टाकतं, ही रसायनं मात्र सहजी जळतही नाहीत, बाहेरही पडत नाहीत. चार-पाच वर्षांच्या मरळीच्या अंगात हजारो लहान माशांची शिल्लक साठलेली असते.

पावसाचं म्हणाल तर तो रस्त्यावरचं आणि गटारातलं तलावातच आणून ओततो. वर तळाचा गाळही ढवळतो.

तळण्याचा मुद्दा वाचून मात्र हसू आलं. पीसीबी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात घालायचे ते उष्णता सोसतं म्हणूनच. त्याला आपल्या कढईची काय भीती? मासेवाल्या मावशींकडून माशाची कातडी आणि पोटाकडची चरबी काढून घेतली, सुटलेलं तेल टाकून दिलं, तर चरबीतलं थोडं कमी होतं, हे खरं. पारा हे दुसरं विष मात्र चरबीत नाही, मांसातच बसलेलं असतं. त्याला सुरीही लागू पडत नाही.

तेव्हा ग्रुपवाल्यांनो, रिपोर्ट मागायचाच तर गाळाचा आणि माशाचा मागा. तोही बोटभर चिलापीचा नको, तलावातल्या सगळ्यात थोराड मरळीचा.