पाणी टाका, पुढे चला

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की पाणी प्यायला लागते. रिझर्व्ह बाटलीतलं हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, पंधरवड्यात खालच्या रेघेच्याही खाली जातं. पार्किंगमध्ये डाग नाही, धूर नाही, तापमानाचा काटाही जागच्या जागी. 2017 मध्ये स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर आला, ते तुमच्या गाडीनेही मनावर घेतलेलं दिसतंय. खाली थेंब म्हणून सांडत नाही. अशा वेळी काही उतावळी माणसं विचारतात, ‘मग जातं कुठे?’ तुम्ही विचारू नका. गळती सापडली की दुरुस्त करावी लागते, आणि दुरुस्त झाली की रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभं राहायला निमित्त उरत नाही.

आधी कारण ठरवून टाका. ‘उन्हाने उडतं’ हे सगळ्यात चांगलं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना त्यावर कोणी शंका घेत नाही. एखादा शहाणा सांगेल की कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते, धडधाकट गाडीत बाटलीची पातळी वर्ष-वर्ष फारशी हलत नाही, पाणी कमी झालं म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडतंय. त्याला विचारा, ‘भिया, तुझी गाडी कोणत्या सालची?’ नवी निघाली तर वाद तुम्ही जिंकलात.

आता टाकायचं काय? बाजारात कूलंट मिळतं, पण तुमच्या नळाला नर्मदा येते. जलूदहून पंपांवर पंप लावून विंध्याचा चढ चढवलेलं पाणी. त्याच्यापुढे बाटलीतल्या रंगीत पाण्याची काय मातब्बरी? नळ नसेल त्या दिवशी बोअरिंगचं टाका. बोअरिंगचं पाणी जड असतं, त्याचा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बसू द्या, भोकंही त्यानेच बुजतील. ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य पदार्थ) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण समुद्रसपाटीला 107 अंशांच्या आसपास उकळतं, साधं पाणी 100 ला, आणि इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे दोन्ही दोनेक अंश आधीच उकळतात. एवढ्या सात अंशांसाठी कोणी पैसे घालवतं का? कूलंटमध्ये गंज थांबवणारी औषधंही असतात. प्रत्येक तांब्यागणिक ती पातळ होत जातात. पण गंज आतून लागतो, पाहुण्यांना दिसत नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र चुकूनही बघू नका. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. आतला दाब तेवढा होईपर्यंत ते झाकण धरून ठेवतं, आणि त्या दाबामुळेच कूलंट सव्वाशे अंशांपर्यंत न उकळता राहतं. वर्षं झाली की झाकणाचं रबर कडक होतं, स्प्रिंग ढिली पडते. मग दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळून बाटलीत ढकललं जातं आणि बाटलीच्या वरच्या नळीतून चालत्या गाडीतच रस्त्यावर सांडतं. म्हणून पार्किंग कोरडं! बाटलीला बारीक तडा गेला असेल, तरी हाच प्रकार. झाकण बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि पैसेही फारसे पडत नाहीत. म्हणूनच ते बदलायचं नाही. एवढ्याशा वस्तूने काम भागलं, तर घरच्यांपुढे ‘इंजिनचं मोठं काम निघालंय’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मेकॅनिक पारखून घ्या. गाडी बघताच जो ‘कुछ नहीं भिया, पानी डाल के चलाओ’ म्हणतो, तो आपला माणूस. जो म्हणतो, ‘ठंडी होने दो, पहले प्रेशर लगा के देखते हैं,’ त्याच्यापासून लांब राहा. तो झाकणाच्या जागी हातपंप बसवतो, झाकणावरच्या आकड्याइतकी हवा भरतो आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत चहा पितो. पंपाचा काटा खाली आला की टॉर्च घेऊन बॉनेटखाली शिरतो. क्लॅम्प चाचपतो, होज म्हणजे रबरी नळ्या दाबून बघतो, आणि मग वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या अंगाला बोट लावून दाखवतो. तिथे एक बारीक भोक असतं, मुद्दामच ठेवलेलं. आतलं सील गेलं की पाणी तिथून डोकावतं. भोकाखाली हिरवट-पांढरी खपली धरलेली असते. गरम धातूवर पडलेलं पाणी तिथल्या तिथे वाळतं, जमिनीपर्यंत पोचतच नाही, मागे फक्त रंग राहतो. बघून झालं की हा गृहस्थ वर म्हणतो, ‘यहीं से जा रहा है, अंकल.’ आता सांगा, इतके दिवस जपलेलं गूढ असं चहाच्या एका कपात संपवायचं?

डाव्या बाजूला, पुढच्या सीटखाली पाणी ठिबकताना दिसलं, तर लगेच ‘सापडलं!’ म्हणून मोकळे व्हा. ते एसीचं पाणी असतं. स्वच्छ, बिनवासाचं, बोटांना न चिकटणारं. कूलंट रंगीत आणि बुळबुळीत असतं. पण बोट लावून बघायला सांगितलंय कोणी?

सौ. म्हणतील, ‘अहो, गाडीत पाकासारखा गोड वास येतोय, आणि माझ्या पायाखालचं कार्पेट ओलं आहे.’ काच आतून तेलकट होते, पुसली तरी पुन्हा धुरकटते, हेही त्यांच्याच लक्षात आलेलं असेल. डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, म्हणजे हीटरचा, गळायला लागला की हे असंच होतं. तुम्ही डॅशवर मोगऱ्याची डबी ठेवा आणि सौ.ना मागे बसवा.

सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरा धूर निघतो आणि इंजिन तापलं तरी थांबत नाही? थंडी आहे म्हणा. मे असला तरी म्हणा. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळीही टणक लागतो, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, हे सगळं हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिन आणि त्याच्या हेडमधल्या सीलकडे, बोट दाखवणारं असतं. त्यासाठी एक निळं औषध मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर ते धरून इंजिन चालवलं आणि सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असला की ते पिवळं पडतं. अशा नादी लागू नका. पिथमपूरला गाड्यांच्या चाचण्यांसाठी 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक बांधून ठेवलाय, ती हौस तिकडे भागते. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लगदा दिसला आणि कोणी घाबरवायला लागलं, तर ठासून सांगा की राजवाडा ते छप्पन दुकान एवढंच फिरणाऱ्या गाडीत थंडीत वाफेचं पाणी होऊनही तसा लगदा धरतो. हे खरंच आहे. अर्धवट खऱ्या गोष्टीइतका भक्कम आधार दुसरा नाही.

शेजारचे काका हळद सुचवतील. रेडिएटरमध्ये मूठभर हळद, शंभर टक्के गुण. लगेच टाका. गळतं भोक बुजतं, आणि न गळणाऱ्या बारीक नळ्याही बुजतात. हळदीला दोन्हींतला फरक कळत नाही. मग गाडी हीट घ्यायला लागली की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाणी सोडणारी झडप, काढून फेकून द्या.

एवढी पूर्वतयारी झाली की ओंकारेश्वरला सहकुटुंब जाऊन या. जाताना उतार असतो, काही कळत नाही. परतताना भेरूघाटात ट्रकांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगताना काटा चढेल. घाबरू नका, चढत-चढत तो एकाएकी खाली येईल. ‘बघा, झाली गार!’ असं मागच्या सीटला सांगा. पाणी सेन्सरच्याही खाली गेलं की सेन्सरला मोजायला काही उरत नाही, म्हणून काटा पडतो. तो पडल्यावर आणखी दोन किलोमीटर रेटलंत की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि मग खरोखरच इंजिनचं मोठं काम निघतं. तुम्ही घरी आधीच सांगून ठेवलं होतं, शब्द खरा झाला.

हेड उतरवून, लेथवर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, आणल्यावर गाडी काढून टाका. गिऱ्हाईक सकाळी बोलवा, इंजिन गार असताना. बाटली वरच्या रेघेपर्यंत भरलेली असू द्या, बॉनेटच्या आतून ओलं फडकं फिरवा, खपल्या खरवडून काढा. चक्कर मारायची म्हणाला तर सुदामा नगरच्या सपाट गल्ल्यांत फिरवून आणा. आणि त्याने खिशातून टॉर्च काढून ‘गाडी रोज किती पाणी खाते?’ असं विचारलं, तर त्याला सांगा की सौदा कालच झाला.