दिल्लीची गाडी बऱ्हाणपूरवरूनच जाते

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे दिल्ली-आग्रा-मथुरेच्या सहलींचे बोर्ड लागतात. शिरपूर, चोपडा, अमळनेर, जळगाव, कुठेही बघा. कुणी बसनं जातं, कुणी भुसावळहून रेल्वेचं ग्रुप बुकिंग करतं. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, लोटस टेंपल, मग आग्र्याचा ताज आणि घरी. जावंच माणसानं. देशाची राजधानी आहे, ती एकदा तरी डोळ्यांनी बघावी. पण दिल्ली बघून आलेल्या आपल्यातल्या कितीतरी लोकांनी बऱ्हाणपूर बघितलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बऱ्हाणपूर आपली राजधानी होती. खानदेशची. फारुकी सुलतानांची गादी आधी आपल्या थाळनेरला होती, मग तापीच्या वरच्या अंगाला बऱ्हाणपुरात गेली. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला, खानदेशचं स्वतंत्र राज्य बुडालं, तरी सुभ्याचं मुख्य ठाणं बऱ्हाणपूरच राहिलं. दक्षिणेत उतरणारा प्रत्येक मोगल शहजादा आधी इथे थांबला. पुढे इंग्रजांच्या काळात ते निमाड जिल्ह्यात गेलं, मग मध्य प्रदेशात राहिलं, आणि आपल्या शाळेच्या नकाशातून गेलं तसं मनातूनही गेलं. चोपड्याहून यावल, फैजपूर, सावदा, रावेर करत जाणारा रस्ता आजही बऱ्हाणपूर-अंकलेश्वर म्हणूनच ओळखला जातो. आपण तो रोज वापरतो, पण रावेरच्या पुढे सहसा जात नाही.

माझ्या फुईला, म्हणजे आत्याला, मी एकदा म्हटलं, चल, तुला बऱ्हाणपूर दाखवतो. ती म्हणाली, "तठे काय शे रे भाऊ पाहाले? पडेल भिती!" म्हणजे तिथे बघायला काय आहे, पडक्या भिंती. तिला दोष देत नाही. तिला कुणी सांगितलंच नाही. म्हणून आता सांगतो, आणि दिल्लीपासूनच सुरुवात करतो.

दिल्लीत निजामुद्दीन नावाचं स्टेशन आहे, आपल्यातले बरेच जण तिथेच उतरतात. ते ज्यांच्या नावावरून आहे त्या हजरत निजामुद्दीन औलियांचे एक शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दक्षिणेत आले. त्यांची कबर खुलताबादला आहे आणि बऱ्हाणपूरला नाव त्यांचं आहे. स्टेशनवरून बाहेर पडून त्या वस्तीत शिरलात की अरुंद बोळ लागतात, गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या, अत्तराच्या कुप्या, कबाबाचा धूर, चप्पल सांभाळणारी पोरं. दर्ग्याच्या अंगणात संगमरवरी जाळीच्या आत एक कबर आहे, तिच्यावर छप्पर नाही, वर मातीत गवत उगवलेलं. ती शहाजहानच्या थोरल्या मुलीची, जहाँआराची. जुन्या दिल्लीतला चांदणी चौक तिनंच वसवला. आपल्या बायका ज्या चौकात साड्या आणि लेस घ्यायला तास-तास घालवतात, तोच.

ही जहाँआरा १७ वर्षांची असताना तिची आई गेली. १७ जून १६३१ ला, चौदाव्या बाळंतपणात. कुठे? आग्र्यात नाही, दिल्लीत नाही. बऱ्हाणपुरात, तापीकाठी. मुमताजला पहिल्यांदा मूठमाती मिळाली ती नदीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे शाही मृगवनात. सहाएक महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहालासमोरच्या बाकावर बसून फोटो काढणाऱ्या आपल्या माणसाला एवढं तरी ठाऊक असावं की ही गोष्ट आपल्या तापीच्या वाळवंटातून सुरू झाली.

आग्र्याच्या सहलीत फत्तेपूर सिक्री असतेच. तिथला बुलंद दरवाजा बघून माना दुखतात. त्याच दरवाज्यावर दगडात फारसी लेख कोरलेला आहे की बादशहानं दख्खन जिंकलं आणि दांदेश जिंकलं, ज्याला पूर्वी खानदेश म्हणत. अकबरानं आपल्या मुलाच्या, दानियालच्या नावावरून आपल्या मुलखाचं नाव बदललं होतं. ते नाव टिकलं नाही, दानियालही १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच वारला. पण आपल्या हरण्याची नोंद त्या दरवाज्यावर आजही आहे, आणि आपण तिच्याखालून पाण्याची बाटली घेऊन निघून जातो. गाईडही सांगत नाही, कारण त्याला माहीत नसतं की समोरची माणसं खानदेशची आहेत. आपण त्याला सांगायला हवं.

अजून एक. हुमायूनच्या कबरीपासून जवळच, मथुरा रोडला लागून, अब्दुल रहीम खानखानाची कबर आहे. दोहे लिहिणारा रहीम. तिथल्या दगडांपैकी बरेचसे पुढे सफदरजंगच्या कबरीला लावले गेले, अलीकडे २०२० मध्ये डागडुजी पूर्ण होऊन ती खुली झाली. सहलीची बस तिथे थांबत नाही. ह्याच रहीमनं बऱ्हाणपुरात वर्षानुवर्षं काढली आणि त्याच्या मुलाची, शाहनवाज खानाची कबर बऱ्हाणपूरला उतावळी नदीच्या काठी आहे. बापाची दिल्लीत, लेकाची आपल्याकडे.

रहीमच्याच काळात, १६१५ मध्ये, बऱ्हाणपुरात जे काम झालं ते माझ्या मते ताजपेक्षा मोठं आहे. हे वाक्य विचार करून लिहितोय. त्याला कुंडी भंडारा म्हणतात, कुणी खुनी भंडारा म्हणतं. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीखालून तापीकडे वाहत येतो. इराणहून आलेल्या एका जाणकारानं हे वाहणं ओळखलं आणि त्याला आडवे बोगदे खणून ते पाणी गोळा केलं. बोगद्यांवर ठरावीक अंतरानं शंभरावर विहिरीसारख्या कुंड्या, हवा खेळायला आणि साफसफाईला. पंप नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी शहरापर्यंत. ज्या सुभ्यात लाखाची फौज, हत्ती-घोडे आणि बाजार उतरत, त्याची तहान यावर भागली. चारशे वर्षं उलटली, पाणी अजून वाहतंय. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२४ मध्ये त्याचं नाव गेलं.

लिफ्टनं खाली उतरता येतं (चालू आहे का ते आधी विचारून घ्या). खाली गेलात की उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा दिसतो, आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, हात लावला तर खडबडीत, ओलसर. वर मान केली तर कुंडीच्या तोंडातून आभाळाचा गोल तुकडा. आमच्या यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी खोल जातंय म्हणून रडणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानं, प्रत्येक सरपंचानं हे खाली उतरून बघावं असं मला फार वाटतं.

आता गावात या. जामा मशीद भर बाजारात आहे, पंधरा कमानींची, दोन मिनार, वर घुमट नाही. राजा अली खान फारुकीनं बांधली. आत भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत लेख आहे, देवनागरीत, आणि त्याची सुरुवात "श्री सृष्टिकर्त्रे नमः" अशी. शके १५११, संवत १६४६, अशी आपल्या पंचांगाची तारीखही दिलेली. मी त्या भिंतीसमोर उभा राहून एकेक अक्षर लावत वाचलं तेव्हा बाजूला बसलेले एक चाचा उठून आले आणि म्हणाले, "वाचा, वाचा, मराठी माणसाला लवकर लागतं." त्यांचं मराठी माझ्याइतकंच स्वच्छ होतं. बऱ्हाणपुरात हे जागोजाग भेटतं. अर्ध्या गावाची सोयरीक रावेर-सावद्याला आहे.

शाही किल्ल्यात लोक मुमताजसाठी येतात. हमामखान्याच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी जरूर बघा, पण फोटो काढून लगेच परत फिरू नका. शनवारा, इतवारा, लोहारमंडी ही नावं धरून पायी हिंडा. जुन्या लाकडी माड्या आहेत, पॉवरलूमचा खडखडाट दिवसभर चालू असतो. सतराव्या शतकात इथलं तलम कापड इराणपर्यंत जायचं, तो धंदा अजून गल्लीत जिवंत आहे. खव्याची जिलबी आणि दराबा ही इथली मिठाई खा, हे वेगळं सांगायला नको.

आणि मराठी माणूस म्हणून अजून दोन जागा. पुरंदरचा तह करवणारा मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये इथेच मेला, त्याची छत्री गावाबाहेर नदीकाठी आहे. आणि १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेनं, हंबीररावांच्या नेतृत्वाखाली, याच बऱ्हाणपूरच्या पेठा लुटल्या. त्याच वर्षी औरंगजेब इथे येऊन उतरला आणि पुन्हा उत्तरेला परत गेला नाही. या लुटीचा अभिमान आपण भाषणात सांगतो. ज्या शहरात एवढी दौलत होती ते शहर कसं होतं, हे बघायला मात्र जात नाही. मला ते अर्धवट वाटतं.

आपल्याकडच्या सहलींबद्दलही बोलतो. एका दिवसात दिल्लीची दहा-बारा ठिकाणं करायची, बस सिग्नलला थांबली की गाईडनं काचेतून बोट दाखवायचं, की झालं ठिकाण. म्हातारी माणसं पाय सुजवून येतात आणि विचारलं तर "लय मोठं शे" एवढंच सांगतात. पैसे खर्च करून एवढंच हाती लागत असेल तर तीन ठिकाणं बघा, पण बसून बघा. त्यात निजामुद्दीनची वस्ती आणि रहीमची कबर घ्या.

आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना, माझ्या शिक्षक मित्रांना माझी कळकळीची विनंती. पाचवी ते दहावीच्या सहलीत एक दिवस बऱ्हाणपूरचा ठेवा. शिरपूर-चोपड्याच्या शाळांनी आधी थाळनेरला जावं. फारुकींच्या कबरी तिथे आहेत, किल्ल्याचे अवशेष आहेत, १८१८ मध्ये इंग्रजांनी ज्याला फाशी दिली त्या किल्लेदार तुळशीराम मामाची जागा आहे. पोरांना तापीच्या काठाकाठानं थाळनेरहून बऱ्हाणपूरला न्या, जमलं तर पुढे असीरगड. दिल्ली मग बारावीनंतर बघतील, तेव्हा तिथलं काय आपलं आहे ते त्यांना सांगावं लागणार नाही.

भुसावळहून दिल्लीला जाणारी गाडी रावेर सोडून बऱ्हाणपूरवरूनच पुढे जाते. या थंडीत एक रविवार मी जाणार आहे, फुईही तयार झाली आहे. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, रावेरला सकाळी आठला भेटू.