वाटणाऱ्याचा हात

बर्लिनमध्ये सायकलने कामावर जाताना रस्त्यात बसवलेली दगडांची एक दुहेरी रांग मला रोज ओलांडावी लागते. भिंत होती ती इथंच. चाकाला जरासा हिसका बसतो आणि मी पूर्वेतून पश्चिमेत पोचलेला असतो.

परवा कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर वाद पेटला. भारतात विषमता इतकी माजलीय की आता कायद्यानंच सगळ्यांना एका पातळीवर आणावं, असं एकाचं म्हणणं. पगार सारखा, घर सारखं, वारसाहक्क बंद. त्याची चीड खरी आहे. जिथं माणसं गटारात उतरून मरतात, तिथं ती यायलाच हवी. उपाय मात्र मला पटत नाही, आणि त्याला कारण माझ्या शेजारीणबाई.

त्या आता पंच्याहत्तरीच्या. साम्यवादी पूर्व जर्मनीत वाढल्या. वडील पाद्री. वर्गात पहिला नंबर असूनही विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत त्यांना घेतलं नाही. आधी कामगार-शेतकऱ्यांची मुलं, असं उत्तर मिळालं. "खाणकामगाराच्या मुलीला जागा गेली असती तर मी सोसलं असतं," त्या मला म्हणाल्या, "गेली ती पक्षाच्या अधिकाऱ्याच्या मुलाला." अधिकाऱ्यांची मुलंही तिथं कामगारवर्गातच मोजली जात. हे सांगताना टेबलावरच्या कापडाची एकच सुरकुती त्या पुन्हा पुन्हा सपाट करत होत्या.

स्वस्त भाडी, पाळणाघरं, बायकांना हक्काची नोकरी, हेही त्याच राज्यानं दिलं, आणि त्या ते आवर्जून सांगतात. पण साध्या ट्राबांट गाडीसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबत, तेव्हा बडे नेते वांडलिट्झजवळच्या बंदिस्त वसाहतीत पश्चिमेचा माल वापरत. सगळ्यांना सारखं वाटायचं तर वाटणारा लागतो, आणि त्याचा हात रोखणारं कुणी उरत नाही. १९४९ ते १९६१ या काळात २५ लाखांहून जास्त माणसं तो देश सोडून गेली. १३ ऑगस्ट १९६१ला सीमा बंद झाली ती त्यांना अडवायला.

"म्हणजे आरक्षणही नको?" मित्रानं लगेच विचारलं. हवंच. पिढ्यान्‌पिढ्या अडवलेली वाट त्यानं मोकळी होते. शिवाय आपल्याकडे त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, सरकार पाडता येतं. शेजारीणबाईंच्या वडिलांना दाद मागायला जागाच नव्हती. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत दोन्ही धोके सांगितले होते: समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचं वर्चस्व, आणि स्वातंत्र्यावाचून समता माणसाची उमेद मारते. ग्रुपवर अर्धे जण पहिलं वाक्य विसरलेत, अर्धे दुसरं. गटारात माणूस उतरणार नाही, कुठल्याही पोराची शाळा सुटणार नाही, यासाठी माझ्यावर हवा तेवढा कर लावा, मी आनंदानं भरेन. पण कुणी कुठवर जायचं, हे कुणा अधिकाऱ्यानं ठरवू नये.

शेजारीणबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. भिंत पडली तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज त्यांनी घरी आणला होता. तो अजून कोराच आहे.