‘एकदम सोडू नका, झटका बसेल’ : त्या मेसेजला उत्तर

सध्या सोलापुरात ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : ‘सिगारेट एकदम सोडू नका, शरीराला झटका बसतो, अटॅकसुद्धा येतो. रोज एक-एक कमी करत जा. तोवर लाइट ओढा, नाहीतर आपली विडी बरी, ती नैसर्गिक. दोन-तीनवर आलात की बास, तेवढ्यानं काही होत नाही. आणि मेडिकलमधल्या निकोटिनच्या च्युइंगमच्या नादी लागू नका, ते दुसरं व्यसन.’ खाली जोडलेले हात, आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती.

मी पूर्व भागात औषधाच्या दुकानात बसतो. मोबाइल पुढे करून ‘हे खरं का हो?’ विचारणारी गिऱ्हाइकं वाढली, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मेसेजमधलं एक वाक्य अर्धं बरोबर आहे. लोक फसतात ते त्या अर्ध्यामुळेच.

आधी झटक्याचं बघू. हे दारूवरून उचललेलं दिसतंय. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू अचानक बंद केली तर फेफरं येऊ शकतं, भ्रम होतो, प्रसंगी जीव जातो; म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवतात. निकोटिनचं तसं नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून तलफ लवकर येते. चिडचिड, झोपमोड, सारखी भूक, पोट साफ न होणं, हे सगळं पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. त्रास खरा आहे, पण त्यानं कुणी दगावत नाही. हृदयाचं तर उलटच आहे. सिगारेट थांबली की रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो.

सावध राहायचं ते काही ठरावीक औषधं चालू असणाऱ्यांनी, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधं भराभर संपवतं. दम्यासाठीची थिओफिलिन, मानसिक आजारावरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही त्यातली. सिगारेट सुटल्यावर तीच मात्रा अंगाला जास्त पडते. म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. चहा-कॉफीतल्या कॅफिनचंही असंच होतं. सोडल्यानंतरची धडधड आणि उडालेली झोप पुष्कळदा चहाची असते, आणि नाव मात्र सिगारेट सोडल्याचं होतं.

आता ते अर्धं बरोबर वाक्य : रोज एक-एक कमी करा. कमी करत सोडणं जमतं, यात वाद नाही. इंग्लंडमध्ये जवळजवळ ७०० जणांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम सोडली. बाकीच्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत पाऊण हिस्सा कमी करत आणून मग सोडली. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, कमी करत आलेल्यांपैकी ३९ टक्के. पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. ज्यांची लगेच सोडायची तयारीच नव्हती अशांवरच्या २०१५ सालच्या एका चाचणीत तर व्हॅरेनिक्लिन ही गोळी घेत हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोक सहा महिन्यांच्या उपचाराअखेर सुटलेले होते. दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ७ टक्के. (ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मागू नका.)

पण या सगळ्या लोकांसमोर एक दिवस ठरलेला होता, ज्यानंतर शून्य. मेसेजमध्ये तो दिवस कुठे आहे? ‘कमी करत जा’ म्हणजे कुठवर? तारीख नसली की माणूस पाच-सहावर येऊन थांबतो, वर्षभर तिथेच राहतो आणि विचारलं की म्हणतो, ‘कमी केलीय की आता.’

दुसरी गोम मोजण्यात आहे. सिगारेटी कमी झाल्या म्हणजे निकोटिन त्याच हिशोबात कमी झालं असं होत नाही. एका कांडीतल्या तंबाखूत साधारण १० ते १५ मिलिग्रॅम निकोटिन असतं, त्यातलं अंगात जातं एक-दीड. ओढणाऱ्यानं ठरवलं, किंवा त्याच्या मेंदूनं परस्पर ठरवलं, तर त्याच कांडीतून बरंच जास्त निघतं. पेला मोठा घेऊन चहाचे कप मोजण्यासारखं आहे हे. दुकानासमोरच्या टपरीवर रोज दिसतं : ‘फक्त चार’वाला गाल आत जाईपर्यंत झुरका घेतो, धूर छातीत धरून ठेवतो, आणि थोटूक टाकतो तेव्हा फिल्टरचा कागदही तपकिरी झालेला असतो. त्याच्या शेजारचा दिवसाला दहा ओढणारा बोलता बोलता निम्मी हवेतच जाळतो.

आणि आपल्या गावाचा खास मामला म्हणजे मावा, सुपारी-तंबाखू-चुन्याचा. सिगारेट दहावरून चारवर आणली म्हणून घरी कौतुक होतं, आणि खिशात माव्याची पुडी असते. निकोटिन तेवढंच राहिलं, वर तोंडाच्या कॅन्सरची भर. कमी करायचं तर विडी, सिगारेट, मावा, तंबाखू, मिश्री सगळं एकाच हिशोबात धरा. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती मिळते, आणि सुट्टी घेणाऱ्याला स्वतःचा आकडा कधीच नीट सांगता येत नाही. टपरीवाल्याची उधारीची वही बघा, खरा आकडा तिथे असतो.

कमी करतच सोडायची असेल तर दोन-तीन आठवड्यांपुढची तारीख धरा. ‘तलफ आली की’ ओढण्याऐवजी घड्याळाच्या ठरलेल्या वेळी ओढा आणि दोन वेळांमधलं अंतर वाढवत न्या. जेवणानंतरची, चहाबरोबरची, कामाची पाळी सुटल्यावरची अशा जोड्या त्यानं सैल होतात. उठल्या उठल्या अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर व्यसन जड आहे. नुसत्या निर्धारावर भागवू नका, मदत घ्या.

लाइट सिगारेटचा फिल्टर उजेडात धरून बघा. कागदावर बारीक भोकांची एक रांग दिसेल. निकोटिन मोजणारं यंत्र ओढतं तेव्हा त्यातून हवा शिरते आणि आकडा कमी येतो. माणूस ओढतो तेव्हा बोटं आणि ओठ नेमके त्याच भोकांवर असतात. ज्यांच्या तंबाखूतच निकोटिन फार कमी ठेवलेलं असतं अशा सिगारेटींवर अमेरिकेत प्रयोग झालेत, आणि त्या ओढणारे नेहमीच्या सिगारेटवाल्यांपेक्षा खरंच कमी सिगारेटी ओढू लागले. पण टपरीवरची लाइट म्हणजे ती सिगारेट नव्हे.

विडीबद्दल सोलापूरकरानं तरी असं बोलू नये. हजारो घरांची चूल विडीवर चालते, ते मान्य. पण तेंदूच्या पानाची आहे म्हणून ती औषधी होत नाही. पान कागदासारखं हवा आत घेत नाही, विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच.

‘दोन-तीननं काही होत नाही’ याला एकच आकडा पुरे. २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात, २० ओढणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा दिवसाला एकच ओढणाऱ्यांनाही दिसला. विसावा हिस्सा ओढली म्हणून धोका विसावा हिस्सा झाला नाही.

राहिलं च्युइंगम. मेसेज ज्याला दुसरं व्यसन म्हणतो तीच खरी हळूहळू कमी करण्याची रीत आहे, धूर वगळून. कॅन्सर, फुप्फुसाचे आजार देणारं मुख्यतः धुरात असतं. निकोटिन तुम्हाला परत परत तिथे नेतं. च्युइंगमसारखीच त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टीही असते. तिचं निकोटिन त्वचेतून सावकाश जातं, झुरक्यासारखं काही सेकंदांत मेंदूवर धडकत नाही, म्हणून तिची चटक लागणं अवघड. जोरात ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमची, काही आठवड्यांनी १४ची, मग ७ची, मग बंद. २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही औषधं आहेत. गरोदर बाई असेल किंवा नुकताच अटॅक येऊन गेला असेल तर आधी डॉक्टर.

दोन मिलिग्रॅमचं च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतं. ‘घेतलं, पण उपयोग नाही, उचक्याच लागल्या’ म्हणत परत येणाऱ्या बहुतेकांनी ते पानासारखं चघळून रस गिळलेला असतो. रस पोटात गेला की उचक्या, जळजळ, आणि तलफ जागच्या जागी. हळू चावा, मिरीसारखं चुरचुरलं की थांबा, गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा. अर्धा तास असं. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको. आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. कुणाशी बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत लाइन आहे. नंबर शोधायला लांब जायला नको, सिगारेटच्या पाकिटावरच छापलाय.