तळं हिरवंगार आहे, मग प्लास्टिकनं काय बिघडलं? : अथणीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, "बारीक प्लास्टिकनं शेवाळ मरतं म्हणता, पण आमच्या गावच्या तळ्यात पिशव्या कुजून कुजून भुगा झालाय आणि पाणी तर शेवाळानं हिरवंगार आहे. उगाच लोकांना घाबरवू नका." मागच्या लेखात मी "सूक्ष्म प्लास्टिक शेवाळाला मारक आहे" असं सरसकट लिहिलं होतं. ते वाक्य चुकलं. कुठल्या पाण्यात, हे लिहायलाच हवं होतं.

आधी तुमचं जड पाणी घेऊ. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो. काळ्या जमिनीतून आलेल्या अशा पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. आमच्या खानापुराकडे, मलप्रभा नदी उगम पावते त्या कणकुंबीच्या रानात, धो धो पाऊस आणि जांभा दगड. तिथलं पाणी मऊ, क्षार फार कमी.

आता मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान प्लास्टिकचा कण, म्हणजे नॅनोकण घ्या. नैसर्गिक पाण्यात बहुतेक कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि सुटे सुटे तरंगत राहतात. पाण्यात कॅल्शियम वाढलं की हा भार झाकला जातो, ढकलणं थांबतं आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर माती खाली बसते, त्यातही हेच होतं. सोडियमपेक्षा कॅल्शियम या कामात कितीतरी जोरकस. शेवाळाच्या पेशीवरही ऋण भारच असतो. सुटा नॅनोकण, त्यातही धन भाराचा, पेशीला जाऊन चिकटतो, प्रकाश अडवतो, पेशीच्या आवरणाला इजा करतो. गोळा झालेला कण तेवढं करू शकत नाही, जड होऊन तळाशी जातो. म्हणजे तुमच्या तळ्यातलं शेवाळ वाचलं असेल, तर त्याचं श्रेय तुमच्या जड पाण्याचंही असू शकेल.

पालापाचोळ्याचीही गोष्ट आहे. पावसाळ्यात रानातला ओढा चहासारखा तांबूस होतो, तो कुजलेल्या पानांतल्या ह्युमिक आम्लांमुळे. ही आम्लं कणावर लेप चढवतात. धन भाराच्या कणाची धार त्यानं बोथट होते, बऱ्याच प्रयोगांत विषारीपणा उतरलेला दिसतो. पण मऊ पाण्यात हाच लेप कणाला गोळा होऊ देत नाही, तरंगत ठेवतो आणि प्रवाहाबरोबर लांब नेतो. पाण्यात कॅल्शियम असलं तर उलट तेच दोन लेपांना जोडणारा पूल होतं आणि कण पुन्हा गोळा होतात. म्हणून "ह्युमिक आम्ल चांगलं" असंही सरळ म्हणता येत नाही.

शेवाळ स्वतःसुद्धा पाणी बदलतं. भर दुपारी ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, दाट तळ्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जातो, रात्री पुन्हा उतरतो. एकाच तळ्यात एकाच दिवसात कणाला दोन वेगळी पाणी भेटतात.

प्रयोगशाळेत यातलं फारसं काही नसतं. ठरावीक क्षारांच्या पाण्यात, ठरावीक उजेडात, साधारण ७२ तास शेवाळाची वाढ मोजतात. कण बहुधा बाजारातले, पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे गोल, आणि मात्रा नदीत सापडते त्याच्या कितीतरी पट. विकतच्या काही कणांच्या द्रावणात जंतू होऊ नयेत म्हणून सोडियम ॲझाइड घातलेलं असतं. ते धुऊन काढलं नाही, तर शेवाळाला मारणारं प्लास्टिक होतं की ॲझाइड, हेच कळत नाही. आपल्याकडे पाण्यात पडतात पिशव्यांचे आणि खताच्या पोत्यांचे वेडेवाकडे तुकडे. म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे कृष्णेला लावता येत नाहीत, ही तुमची शंका रास्तच आहे.

पण "तळं हिरवं म्हणजे सगळं ठीक" हे मला पटत नाही. एवढं शेवाळ माजतं ते बहुधा नत्र आणि स्फुरदामुळे. शेतातलं खत, गटार, धुण्याचा साबण, सगळं वाहून तळ्यातच येतं. शेवाळाच्या सगळ्या जाती सारख्या चिवटही नसतात. नाजूक जाती गेल्या आणि चिवट उरल्या, तरी वरून पाणी हिरवंच दिसणार. कोणती जात उरली ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल.

आणि खाली बसलेलं प्लास्टिक गेलं कुठं? गाळात. उन्हाळ्यात तळं आटलं की आपण तोच गाळ ट्रॉलीनं शेतात नेतो, चांगला कस आहे म्हणून. यंदा तुमच्या तळ्यातून गाळ काढला का, आणि तो कुणाच्या रानात पडला, एवढं कळवा. काचेच्या स्वच्छ बरणीत मूठभर गाळ ठेवलात तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. प्लास्टिकच्या डब्यात मात्र भरू नका.