एक दिवस पंतप्रधान करा मला

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आज तिसरी खेप. खिडकीतल्या बाई मान वर न करताच म्हणाल्या, "आधारची झेरॉक्स?" अहो, मागच्या आठवड्यात दोन दिल्या की! "त्या फायलीला लागल्या." मग फाईल कुठंय? "साहेब जेवायला गेलेत." पावणेबाराला!

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. विनाकारण रखडवलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. त्याचा फलक तिथंच भिंतीवर, पानाच्या पिचकाऱ्यांनी अर्धा रंगलेला.

एक दिवस पंतप्रधान करा मला. बुलेट ट्रेन वगैरे राहू द्या. सगळ्या मंत्र्यांना याच रांगेत उभं करीन, झेरॉक्सचे सुट्टे पैसे मुठीत घेऊन. आणि हो, त्या दिवशी सर्व्हर डाऊनच ठेवीन.