‘हात लावू नका, स्कॅन करा’ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. आईंना घेऊन तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला आला होतात, परतताना आमच्या संग्रहालयात थांबलात. वस्तूंजवळ नुसते क्यूआर कोड, साधी नावाची चिठ्ठीही नाही. रेंज नसल्यानं एकही कोड उघडला नाही. आणि आईंनी जात्याच्या खुंट्याला हात लावला तेव्हा आमचा मुलगा म्हणाला, “हात लावू नका, स्कॅन करा.” मोबाइलच बघायचा तर तिकीट कशाला काढायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी आईंची माफी मागतो. वर्षानुवर्षं पहाटे उठून दळलेल्या बाईला जातं म्हणजे काय हे आम्ही मोबाइलवरून सांगायला निघालो. त्या पोराला बोल लावू नका, तसं बोलायला त्याला मीच शिकवलं होतं.

चिठ्ठ्याही मागच्या वर्षी मीच काढल्या. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरायची, दुरुस्ती करायची तर पुन्हा छपाई. कोडमागं हवी तेवढी माहिती ठेवता येते, म्हणून खूश होतो. पण माणसं वस्तूपुढं उभी राहून मान खाली घालून वाचतात, एक फोटो काढतात आणि पुढं सरकतात. बघायचं राहूनच जातं. हे मला दिसत होतं, तरी मी मनावर घेतलं नाही.

तरीही मोबाइल नकोच, हे मला पटत नाही. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती तिथल्याच नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी कमालीचं साम्य असलेली मूर्ती आपल्या तेरच्या शासकीय संग्रहालयात आहे. इथल्या शाळकरी पोरांना नेपल्स कोण दाखवणार? मोबाइलवर ती मूर्ती दिसते, तर दिसू दे. फक्त बोटांनी फोटो ताणला की ती भलीमोठी वाटायला लागते. खरी मूर्ती पंचवीसेक सेंटीमीटरची, वीतभराहून थोडी जास्त. म्हणून मी पोरांना आधी स्वतःची वीत उघडायला लावतो, मग फोटो दाखवतो.

जात्याचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही तिथं आहेत. एकदा कॉलेजची एक मुलगी त्या ऐकत जात्यापाशी उभी होती. ऐकता ऐकता ती खाली बसली, एक पाय लांब केला, एक दुमडला. जात्यावर कसं बसायचं हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. मोबाइल तिला वस्तूपाशी घेऊन आला. तुमच्या आईंना मात्र आम्ही त्याच मोबाइलनं वस्तूपासून लांब केलं. हा फरक मला तुमच्यामुळं नीट कळला.

आता काय केलं ते सांगतो. मोठ्या अक्षरांतल्या मराठी चिठ्ठ्या प्लॅस्टिकमध्ये घालून परत लावल्या. कोड आहेत, पण चिठ्ठीच्या खाली. ओव्या ऐकायच्या लिंका दारातल्या वायफायवर उघडतात, रेंजची वाट बघावी लागत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना हात न लावण्याचा नियम राहील, घामानं डाग पडतात. जुन्या जात्यालाही हात लावू देत नव्हतो, कारण येणारा प्रत्येक जण ते रिकामंच गरगर फिरवायचा. दगडावर दगड घासला की छिन्नीनं टाकी लावून पाडलेल्या खाचा झिजतात. आता शेजारी दुसरं जातं मांडलंय. टाकी लावून आणलं, वरच्या दगडाच्या भोकातली माकडी नवी बसवली, जवळ सुपात ज्वारी ठेवली. ज्याला दळायचंय त्यानं बसावं आणि दळावं.

एक अडचण आहे. आमचा मुलगा वैरण, म्हणजे जात्यात टाकायचं धान्य, घालतो ते मूठभरून, त्यामुळं पीठ भरड निघतं. मलाही धड जमत नाही. आईंचे गुडघे दुखत नसतील तर त्यांना एकदा घेऊन या. वैरण किती आणि कधी घालायची, हे त्यांनी त्याला शेजारी बसवून दाखवावं. तुम्हा दोघांनाही तिकीट नाही. सोमवारी बंद असतं, बाकी कधीही या.